माशीवरचा चुना

आमच्या ठाण्यात पिस्तुलाचा नेम माझ्याइतका पक्का कुणाचाच नव्हता. एका वर्षी सरावाला मी दहा गोळ्या मारल्या, त्यातल्या सात शेजाऱ्याच्या टार्गेटवर लागल्या आणि शाबासकी त्याला मिळाली.

तर असा मी पोलीस. शाळा सातवीपर्यंत. बापाचं हुबळीत कमरीपेठेत शिलाईचं दुकान, त्यात मी काजं करायला बसायचो आणि काजं शर्टाच्या उलट्या बाजूला करायचो. बाप म्हणाला, हा पोलिसातच जाईल. भरतीला त्यांनी छाती मोजली, उंची मोजली. अक्कल मोजायची त्यांच्या फितीत सोय नव्हती, म्हणून लागलो. हुबळीतच नोकरी केली आणि एएसआय होऊन घरी बसलो.

लोक विचारतात, अप्पा, एखादी मोठी केस सांगा की. मोठी केस म्हणजे त्यांना दरोडा पाहिजे, खून पाहिजे. मला मात्र एकच केस आठवते, आणि ती आठवली की अजून हातातला घास हातात राहतो. ही सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी हवालदार होतो, एएसआयची बढती तोंडावर आली होती. यात मी कुणाचंच नाव घेत नाही. माझं पण घेत नाही, घरात सून आहे.

आधी पिस्तुलाचं थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर एक बारीक उंचवटा असतो, त्याला आम्ही माशी म्हणतो. मागं, डोळ्याच्या बाजूला, एक खाच असते. खाचेच्या मधोमध माशी धरायची आणि माशीवर टार्गेट. एवढंच शास्त्र. पण या माशीवरून आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी बायकांवरून पण झाली नसतील.

कारण माशी ज्याची त्याची वेगळी. आमचे इन्स्पेक्टर साहेब तीन ठिपकेवाले. खाचेच्या दोन बाजूंना एकेक आणि माशीवर एक, असे तीन पांढरे ठिपके ते ऑफिसातल्या व्हाइटनरनं काढायचे. तिन्ही एका रेषेत आले की गोळी सोडायची, म्हणायचे, हिशेब सोपा. मी एक ठिपकेवाला. पंचेचाळिशी ओलांडल्यावर माझी माशी खरोखरच्या माशीसारखी वागायला लागली. बसायची, दिसायची, उडायची. मग मी तंबाखूच्या डबीतला ओला चुना अंगठ्याच्या नखावर घेऊन माशीच्या पाठीवर एक टिकली लावायचो. पांढरं दिसलं की दाबायचं.

आणि ठाण्यात नवीन आलेली एक कॉन्स्टेबल पोरगी होती, धारवाडची, आपल्याच मराठी घरातली. कॉलेजात एनसीसीत नेमबाजी केलेली. ती काळीवाली. तिला माशीवर काही म्हणजे काही चालायचं नाही.

"हवालदार काका, ठिपका लावला की डोळा ठिपक्यात जाऊन बसतो," ती म्हणायची. "माशीची वरची कड बघायची असते. कड आणि खाच एका लेव्हलला, आणि दोन्ही बाजूनं सारखा उजेड. ठिपक्यानं गोळी वर जाते."

"माझी बाजूला जाते," मी म्हटलं.

"ती तुमच्यामुळं जाते. चुन्याचा दोष नाही."

आमच्या हत्यारखान्याचा हवालदार, तो कानडी, आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणायचो. त्याला यातलं काहीच पसंत नव्हतं. तो म्हणायचा, सरकारनं काळं दिलंय, काळं परत करा. म्हणून जमा करताना आम्ही आपापले ठिपके रुमालानं पुसून द्यायचो आणि पुढच्या वेळी परत लावायचो.

आता माझी चूक इथंच होती. प्रत्येक पिस्तुलाच्या मुठीवर नंबर कोरलेला असतो. रजिस्टरात त्या नंबरापुढं सही करून पिस्तूल घ्यायचं, नंबर बघून जमा करायचं. पण नंबर मुठीवर, आणि मूठ माझ्या हातात. म्हणजे सगळ्या जगाला दिसेल, मला तेवढा दिसणार नाही. मी एकदा घेतलं, चुना लावला, की दिवसभर ओळख चुन्यावर.

त्या दिवशी सकाळी धारवाडच्या बाजूला रेंजवर सराव होता आणि तिथून परस्पर हुबळीत एका देवळाच्या जत्रेला रथाचा बंदोबस्त. सराव संपला, पिस्तुलं रिकामी करून टेबलावर ओळीनं ठेवली आणि आम्ही चहाला गेलो. परत आलो तर साहेब घाई करतायत, चला, गाडी निघाली. टेबलावर माझी जागा वाटली तिथलं पिस्तूल मी उचललं. बघतो तर माशीवर चुना नाही. मला वाटलं, घामानं पुसला असेल. डबी काढली, नवीन टिकली लावली, भरलेलं मॅगझीन चढवलं, कमरेला खोचलं.

जत्रेत ही गर्दी. नेहमीप्रमाणं माझी ड्यूटी देवळाच्या दाराशी. रथ निघायला अजून तासभर होता. मला वाटलं, दाराशी उभा आहे तर दर्शन घेऊन येऊ. बढतीची वेळ होती, देवाला एकदा आठवण करून द्यावी म्हटलं. पण कातड्याचा पट्टा घालून आत जाता येत नाही. पोलीस असला म्हणून काय, कातडं ते कातडं. मग मी बाहेर नारळवाल्या बाया बसल्या होत्या, त्यातल्या एकीकडे पट्टा दिला. होल्स्टर पट्ट्यालाच, पिस्तूल होल्स्टरमध्ये. पिस्तुलाला एक दोरी असते, खांद्याला अडकवायची, म्हणजे पडलं तरी हरवत नाही. ती मी सोडून होल्स्टरमध्ये कोंबली. होल्स्टरचं बटण सहा महिन्यांपूर्वी तुटलेलं. शिंप्याचा मुलगा मी, एक बटण लावून घेतलं नव्हतं.

भरलेलं सरकारी पिस्तूल नारळवालीकडे ठेवून देवाकडे बढती मागायला गेलेला पोलीस अख्ख्या कर्नाटकात मी एकटाच असेन. पण तेव्हा मला त्यात काही चुकलंय असं वाटलं पण नाही. आम्ही सगळेच पट्टे असेच ठेवायचो, फक्त बाकीच्यांच्या पट्ट्याला तेव्हा पिस्तूल नसायचं.

मी आत असतानाच बाहेर ढोल सुरू झाले. रथ वेळेआधी हलला. पळत आलो, खिळ्याला अडकवलेला पट्टा आपल्या हातानं काढला, बांधला आणि गर्दीत घुसलो. पट्टा हलका लागला. मला वाटलं, दर्शन झालं, म्हणून हलकं वाटतंय.

संध्याकाळी ठाण्यात जमा करायची रांग लागली तेव्हा होल्स्टरमध्ये हात घातला. आत दोरी पण नाही, पिस्तूल पण नाही.

ते जे वाटलं ते मला सांगता येणार नाही. रांगेत माझ्यापुढं चार माणसं होती. मी मागं सरकलो, परत मागं सरकलो, आणि भिंतीला लागल्यावर दारातून बाहेर. रिक्षा केली, देवळाकडे गेलो. रथ जाग्यावर पोचला होता, नारळाची दुकानं उठली होती. नुसत्या शेंड्या पडलेल्या. आठ-दहा बाया होत्या, त्यातली आपली कोणती तेही आठवेना. मी नारळाकडे बघितलं होतं, बाईकडे नव्हे. पोरं उरलेले फटाके वाजवत होती. एकेका फटाक्याला मी दचकत होतो. भरलेलं मॅगझीन. कुणाच्या हातात असेल, कुणी पोरगं खेळणं समजून घोडा ओढेल, हेच डोळ्यापुढं.

रात्रभर जागा. बायको म्हणाली, काय झालं. मी म्हटलं, प्रसाद बाधला. ती म्हणाली, देवाचा प्रसाद बाधेल असं काय केलंय तुम्ही.

सकाळी ठरवून गेलो, साहेबांपुढं सरळ सांगून टाकायचं. वाटेत वाक्य पण जुळवलं. ठाण्यात पाय ठेवला तर अण्णा रजिस्टर घेऊन उभा.

"काय हो, काल सही न करताच गेलात?" त्यानं विचारलं.

"कसली सही?"

"जमा केल्याची. तुमचं पिस्तूल आलंय, सही नाही. गर्दीत दिलंत आणि पळालात. करा इथं."

अण्णानं कप्पा उघडून दाखवला. माझ्या नावापुढचा नंबर, तोच नंबर मुठीवर, आणि पिस्तूल काळं कुळकुळीत, पुसून ठेवलेलं. मला वाटलं, काल बढती मागितली, देवानं आधी पिस्तूल हातोहात दिलं. आणि मी सही केली. पेन अण्णाचंच होतं. अजून आठवतंय, त्याला टोपण नव्हतं.

सही झाल्यावर अण्णा म्हणाला, "तुमचं आलं. पण त्या नवीन पोरीचं नाही. तिनं सही ठोकलीय, आणि पिस्तूल नाही कप्प्यात. संध्याकाळी एकटा होतो, वीस जणांची घेतली, नंबर आत्ता सकाळी ताडून बघितले. मेली पोरगी."

तेव्हा माझ्या डोक्यात हळूहळू उजाडलं. मी तसा सावकाश आहे. रेंजवरच्या टेबलावर चुना नसलेलं पिस्तूल मी उचललं, ते तिचं होतं. म्हणून त्यावर चुना नव्हता. तिनं माझं उचललं असणार. म्हणजे तिनं संध्याकाळी जमा केलं ते माझं, आणि मी जत्रेत हरवलं ते तिचं. कागदावर मात्र माझं आत होतं आणि तिचं गेलं होतं.

एवढं कळल्यावर माणसानं काय करावं? तोंड उघडावं. मी पाणी प्यायला गेलो.

साहेबांनी तिला बोलावलं. ती ताठ उभी. म्हणाली, "सर, मी जमा केलं. सगळ्यांपुढं केलं." साहेबांनी रजिस्टर पुढं केलं. सही तिची, पिस्तूल नाही. साहेब तसे वाईट नव्हते, पण वर कळवायचं होतं. ठाण्याच्या डायरीत नोंद झाली. ती प्रोबेशनवर होती. प्रोबेशनवाल्याचं हत्यार हरवलं तर मेमो नाही, चौकशी लांबवणं नाही, सरळ घरी. वर गुन्हा दाखल झाला तर आणखी वेगळंच. देवळाचा कॅमेरा बघून झाला. तो दानपेटीकडे तोंड करून होता.

मग साहेब माझ्याकडे वळले. "अप्पा, तुम्ही वडीलधारे आहात, तिच्याच भाषेतले आहात. माझ्यापुढं ती बोलायची नाही. तुम्ही बसवून विचारा, जबाब लिहून घ्या."

ज्यानं हरवलं त्यानं चौकशी करायची. मी 'बरं सर' म्हटलं. 'नको' म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

मागच्या खोलीत बसलो, दार उघडं ठेवून. चौकशीचं एक मी शिकलो होतो, की खोटं बोलणारा माणूस हाताशी चाळा करतो. ती हात मांडीवर ठेवून बसली होती. मी चुन्याची डबी उघडत होतो, मिटत होतो.

"खरं सांग बाळ, काल कुठं कुठं गेलीस?"

"काका, मी रथाच्या मागं होते. दोन लेडी कॉन्स्टेबल बरोबर होत्या. बाथरूमलासुद्धा गेले नाही. त्यांना विचारा."

"पिस्तूल कुणाला दिलंस, हातात दिलंस?"

"नाही. तुम्ही असं विचारू नका ना. तुम्हाला माहीत आहे मी कशी आहे."

मी म्हटलं, "मला माहीत असून काय उपयोग. कागदाला माहीत पाहिजे."

ती म्हणाली, "एक गोष्ट आहे, काका. छोटी आहे. रेंजवर टेबलावरनं मी उचललं, तेव्हा माशीवर चुना होता. मला वाटलं तुम्ही गंमत केलीत माझी. मी रुमालानं पुसला. नंबर मी पण बघितला नाही, गाडी निघाली होती. पण आता सकाळपासून विचार करतेय, की ते माझं नव्हतंच का काय?"

तिनं माझ्याकडे बघितलं. आरोप नव्हता त्यात. मदत मागितल्यासारखं बघितलं, म्हणजे तुम्ही पण आठवून बघा असं.

मी म्हटलं, "चुना तर सगळेच लावतात."

ठाण्यात माझ्याशिवाय कोणीच लावत नव्हतं.

"एवढं लिहाल ना?" तिनं विचारलं. मी मान हलवली. आणि जबाब कानडीत लिहिला, माझ्या त्या काजांसारख्या अक्षरात, दीड पान. रथाचं लिहिलं, लेडी कॉन्स्टेबलांचं लिहिलं, बाथरूमचं सुद्धा लिहिलं. चुन्याची ओळ लिहिली नाही. तिला वाचून दाखवताना मधेच खोकलो आणि पुढं गेलो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, तिनं सही केली.

पुढचे दोन दिवस मला अन्न गेलं नाही. तिचे वडील धारवाडहून आले, शाळेत क्लार्क होते, रिटायर झालेले. बाहेर बाकावर मांडीवर डबा घेऊन बसायचे. ती आत फाईली लावत होती, हत्यार-बंदोबस्त बंद केला होता तिचा. मी त्यांना चहा आणून दिला. ते उठून उभे राहिले, म्हणाले, "हवालदारसाहेब, तुमच्यासारखी आपली माणसं आहेत म्हणून धीर आहे." पळत आत गेलो आणि उगाच लॉकअपचं कुलूप तपासलं. आत कुणी नव्हतं. त्या दिवशी मी आत बसलो असतो तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुर्गदबैलच्या बाजारात गेलो. तिथं माझा एक खबरी होता, हातगाडी ओढणारा. तो पानाच्या टपरीशी भेटला, इकडं तिकडं बघून म्हणाला, "अप्पा, एक माल बघितलाय. पिस्तूल. खरंवालं. नारळाच्या पोत्यात."

मी विचारलं, "कुणाच्या?"

"मी जिचा माल वाहतो ना, ती अक्का, बाजारात कोपऱ्याला बसते. पोतं उचललं तर टोचलं. बघितलं तर पिस्तूल. आणि अप्पा, त्याच्या टोकाला चुना लावलाय. पिस्तुलाला चुना कोण लावतो हो?"

त्याला विडी पाजली आणि सांगितलं, कुणाला बोलू नको. आणि मग, खरं सांगायला बसलोय तर हे पण सांगतो, मला पहिल्यांदा आनंद झाला तो असा, की आता गुपचूप जाऊन घेऊन येऊ, चुना पुसू, आणि रेंजच्या गाडीत सीटखाली सापडलं म्हणून सांगू. पोरगी पण सुटेल, मी पण सुटेन. चालता चालता मी सगळं जुळवलं. कुठल्या सीटखाली ते सुद्धा.

अक्का पन्नाशीची, कपाळावर मोठं कुंकू, नारळ सोलत बसलेली. मला बघितल्याबरोबर म्हणाली, "आलात का? तिसऱ्या दिवशी?"

मी पोलिसी आवाज काढला. "पोत्यात काय आहे?"

"तुम्हाला माहीत आहे काय आहे ते. खिळ्याला पट्टा अडकवला तर ते उलटं होऊन खाली पडलं, दोरीसकट. पोरं फिरत होती. मी पोत्यात घातलं, वर फडकं टाकलं. तुम्ही आलात, पट्टा ओढलात, पळालात. मी हाका मारल्या. ढोलात ऐकू येईना तुम्हाला. बायकोची हाक असती तरी आली नसती."

"मग ठाण्यात का नाही आणून दिलंस?"

"हातात पिस्तूल घेऊन ठाण्यात जाऊ? तुम्ही काय केलं असतंत माझं, सांगा की. मी वाट बघत होते. ज्याचं आहे तो रडत येईल म्हटलं. एक दिवस गेला, दोन दिवस गेले. माझी झोप उडाली. घरात नातवंडं आहेत, त्यांच्या हाताला लागू नये म्हणून मी त्या पोत्यावर झोपते."

"बरं, आता दे."

"नाही देत."

"नाही म्हणजे? सरकारी हत्यार आहे. आत घालीन."

तिनं सोललेला नारळ बाजूला ठेवला. कोयता हातातच. "हेच. हेच म्हणून देत नाही. तुमच्या हातात एकटीनं दिलं तर उद्या तुम्ही म्हणाल, हिनं चोरलं होतं, मी पकडलं. मोठ्या साहेबांना बोलवा. चार माणसांपुढं देते. पट्टा ठेवलेला मी विसरलेली नाही."

बाजारात गर्दी होती. मी उभा राहिलो. तिला दरडावून बघितलं, मग गोड बोलून बघितलं, देवाची शपथ घातली. ती नारळ सोलत राहिली. एक नारळ झाला, दुसरा झाला. मला वाटलं, निघून जावं. पण पोतं तिथंच, भरलेलं, आणि ती रोज त्याच्यावर झोपणार. मग मी फोन काढला. तीनदा चुकीचा नंबर लागला. एकदा तर घरीच लागला, बायको म्हणाली, येताना एक नारळ आणा.

साहेब जीप घेऊन आले. बरोबर अण्णा. पंचनामा केला, बाजारातलेच दोन पंच घेतले. साहेबांनी फडक्यातून पिस्तूल उचललं, मॅगझीन काढलं, अण्णानं मुठीवरचा नंबर वाचला. तो पोरीच्या नावापुढचा नंबर होता. अण्णाचा चेहरा उतरला. म्हणाला, "म्हणजे तिनंच हरवलं की."

माशीवर पांढरं उरलं होतं, ते साहेबांनी नखानं खरवडलं. भुकटी पडली.

"माझ्या व्हाइटनरचा पापुद्रा निघतो," ते म्हणाले. "हा चुना आहे. ती मुलगी तंबाखू खाते का हो अण्णा?"

"नाही सर."

"तिला माशी काळी लागते, सगळ्या ठाण्याला माहीत आहे. तिच्या पिस्तुलाला चुना कसा लागला?" आणि मग त्यांनी सावकाश माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघितलं. मी हात खिशात घातला. मागून अक्का म्हणाली, "साहेब, पट्टा ह्यांनीच ठेवला होता माझ्याकडे. मी त्यांनाच सांगत होते."

मी तिथंच सगळं सांगितलं. टेबल, चहा, देऊळ, बटण, सही. जबाबातली ओळ पण सांगितली. ती सांगताना साहेबांनी एकदाच डोळे मिटले. म्हणाले, "बटण तुटलं ते मी समजू शकतो," आणि जीपकडे वळले. जीपमध्ये मला मागं बसवलं, जिथं आरोपी बसवतात तिथं. मी अनेकदा लोकांना तिथं बसवलं होतं. सीट फार टणक आहे ती.

चौकशी झाली, माझी. तीच मागची खोली, तेच टेबल, आणि मी हाताशी चाळा करत बसलेलो. डबी जप्त केली होती, म्हणून शर्टाचं बटण पिळत होतो. पोरीचं नाव डायरीतून रीतसर काढलं, तिचा पुन्हा जबाब झाला, साहेबांनी स्वतः लिहिला. माझं निलंबन झालं, आणि हाताशी आलेली बढती पार मागं गेली. शेवटच्या वर्षी कशीबशी मिळाली. साहेबांनी अक्काला ठाण्यात बोलावून सगळ्यांपुढं शाल दिली. शाल पांघरून ती माझ्याकडे बघत होती, मी पंख्याकडे बघत होतो.

पोरीची माफी मी मागितली. ती म्हणाली, बरं काका. त्यापुढं ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिच्या वडिलांनी मात्र मला परत कधी साहेब म्हटलं नाही.

या केसनं मला काय शिकवलं म्हणाल, तर हे. हत्याराची ओळख ठिपक्यानं ठेवू नये, नंबरानं ठेवावी. बटण तुटलं तर त्याच दिवशी लावावं. चौकशीत समोरच्याच्या हाताकडे बघण्याआधी आपल्या हाताकडे बघावं. असं सगळं मी नीट लिहून काढलं, आणि छापायला देण्याआधी त्याच पोरीला दाखवावं म्हणून धारवाडला गेलो. ती आता पीएसआय आहे, स्वतःचं ठाणं आहे. उभ्या उभ्या तिनं सगळं वाचलं. शिकवणीचा हा शेवट दोनदा वाचला. चहा मागवला नाही. पानं माझ्या हातात देऊन म्हणाली, "नंबर बघितला नाही, ती चूक, काका. सही केली आणि माझी ओळ गाळली, ते तुम्ही नीट बघून केलं. शिकवण म्हणून तेवढंच लिहा, बटणाचं काढून टाका."